हातातली थरथर



आज आपण बोलणार आहोत एका हाताबद्दल. ज्यांच्या किडन्या काम करेनाशा झाल्यात आणि ज्यांना डायलिसिसला जावं लागतं, त्यांच्या हातावर एक छोटं ऑपरेशन केलेलं असतं. त्याला फिस्टुला म्हणतात. तो हात कसा जपायचा, हा आजचा विषय. तुमच्या घरात असं कुणी नसेल, तरी ऐका. गल्लीत, भावकीत, गटात कुणीतरी असतंच. आणि तो हात एकट्या रुग्णानं जपून भागत नाही, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांची हकिकत त्यांना विचारूनच सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. काकू आठवड्यातून तीनदा सकाळच्या एसटीनं तालुक्याला जातात, चार तास मशिनवर असतात आणि संध्याकाळी घरी येतात. त्यांच्या डाव्या मनगटापाशी फिस्टुला होता. दीड वर्ष छान चालला होता.

ऐन वैशाखात त्यांच्या घरी पुतणीचं लग्न निघालं. बांगड्या भरायला कासार आला. काकू म्हणाल्या, ‘माझ्या डाव्या हातात नकोत.’ थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘लग्नघरात सवाष्णीनं मोकळ्या हातानं वावरायचं व्हय?’ काकूंना मोडता घालवेना. दोन्ही हात भरले. बांगड्या घट्ट होत्या. मग दोन दिवस उन्हातली उठाठेव, धड खाणं नाही, बसणं नाही. रात्री नातू डाव्या हातावर डोकं ठेवून झोपला. सकाळी काकूंनी मनगटाला हात लावला तर रोजची थरथर लागेना. दारात मांडव, पाहुणे आलेले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. म्हणाल्या, लग्न पार पडू दे.

तिसऱ्या दिवशी डायलिसिसला गेल्यावर सिस्टरनं हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. फिस्टुलात रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी तो उघडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. काकूंच्या मानेत नळी घातली गेली. पुढं कोपरापाशी दुसरं ऑपरेशन झालं, आणि ते वापरायला मिळेपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ ती मानेतली नळी सांभाळावी लागली.

गुठळी नक्की कशानं झाली, ते डॉक्टरांनाही एका शब्दात सांगता आलं नाही. बांगड्यांचा दाब, हातावरची झोप, उतरलेलं बीपी, सगळ्यांचा मिळून परिणाम असेल. पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. पहिल्याच सकाळी आला असतात तर उघडायची आशा जास्त होती.

मैत्रिणींनो, बांगड्या भरताना आम्हीही तिथं होतो. आमच्यापैकी एकीलाही ‘थांबा’ म्हणायचं सुचलं नाही. म्हणून हे बोलणं.

फिस्टुला म्हणजे काय

किडनीचं काम रक्त गाळायचं. किडनी थकली की ते काम मशिन करतं. त्यासाठी रक्त अंगातून बाहेर काढून, गाळून परत आत सोडावं लागतं. मशिनला मिनिटाला साधारण 250 ते 300 मिलीलिटर रक्त लागतं, म्हणजे पाव लिटर किंवा त्याहून थोडं जास्त. आपल्या अंगात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. तेच रक्त फिरून फिरून चार तासांत 60 ते 70 लिटर एवढं मशिनमधून जातं.

आता हातावर ज्या हिरव्या-निळ्या शिरा दिसतात, ज्यातून आपण तपासणीला रक्त देतो, त्यात एवढं रक्त नसतं. शिरेतलं रक्त उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखं संथ वाहतं. खोल आत धमनी असते. तिच्यातलं रक्त मोटारीच्या पाण्यासारखं जोरात येतं. पण धमनी खोल असते आणि तिला दर खेपेला सुया टोचणं धोक्याचं. मग डॉक्टर काय करतात, तर मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. मोटारीचं पाणी पाटात सोडावं, तसं धमनीचं रक्त शिरेत शिरतं. त्या जोरानं शीर हळूहळू रुंद होते, तिची भिंत जाड होते आणि तिला जाड सुया सोसायला लागतात. याला म्हणतात फिस्टुला पिकणं.

पिकायला निदान सहा आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. म्हणून ज्यांना पुढं डायलिसिस लागणार असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी ऑपरेशन वेळेत करून घ्यावं. आपल्याकडं बहुतेकजण अगदी धाप लागेपर्यंत थांबतात आणि मग घाईनं मानेत नळी घालावी लागते.

ही युक्ती जुनी आहे. 1960 साली अमेरिकेत सिएटल शहरात डॉक्टर स्क्रिब्नर यांनी हातात कायमची प्लास्टिकची नळी ठेवून पुन्हा पुन्हा डायलिसिस करून दाखवलं. पण नळी बाहेर असायची, तिच्यात गुठळ्या व्हायच्या, जंतू शिरायचे. 1966 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रेशा, सिमिनो आणि अ‍ॅपल या डॉक्टरांनी आपलीच शीर आपल्याच धमनीला जोडायची पद्धत जगापुढं मांडली. इतकी वर्षं झाली, पण अजूनही बहुतेक रुग्णांसाठी तीच सगळ्यात चांगली मानली जाते. कारण त्यात परकं काही नसतं. जंतू कमी शिरतात आणि नीट जपला तर फिस्टुला वर्षानुवर्षं चालतो.

ज्यांच्या शिरा फार बारीक असतात, त्यांच्या हातात कातडीखाली कृत्रिम नळी बसवतात. तिला ग्राफ्ट म्हणतात. ती लवकर वापरता येते, पण तिच्यात गुठळी आणि जंतूंचा त्रास जास्त. पुढं जे सांगणार आहोत, ते बहुतेक ग्राफ्टलाही लागू आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फिस्टुला करता येईल अशा जागा अंगावर मोजक्याच असतात. एक गेला की एक जागा कमी झाली. विहिरी पाडायला रान अपुरं पडावं, तसं होतं.

रोज सकाळी हात लावून बघा

चालू फिस्टुलावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. कानाजवळ धरला तर सूं सूं असा आवाज येतो. ही थरथर म्हणजे रक्त वाहतंय याची खूण.

सकाळी उठल्यावर, तोंड धुवायच्या आधी, दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवायची. रात्री झोपताना पुन्हा एकदा. डायलिसिसहून आल्यावर, चक्कर आली असेल तर, जुलाब-उलट्या झाल्या असतील तर, तेव्हाही बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. घरातल्या आणखी एका माणसाला ही थरथर ओळखता आली पाहिजे. काकूंच्या घरी आता त्यांची सून रोज चहा देताना हात लावून बघते.

काय काय बदलू शकतं, ते ऐका.

थरथर लागतच नाही, आवाज येत नाही: फिस्टुला बंद पडलाय. त्याच दिवशी, त्याच तासाला डायलिसिसच्या जागी फोन करा आणि निघा. पुढच्या पाळीची वाट बघू नका. चोळू नका, शेकू नका, तेल लावू नका. गुठळी ताजी असेल तर डॉक्टरांना ती काढता येण्याची आशा असते. जसजसा वेळ जातो तसतशी ती आशा कमी होते.

थरथरीच्या जागी नुसते नाडीसारखे ठणठण ठोके लागतात: पुढं कुठंतरी शीर अरुंद झाली असेल. हात डोक्याच्या वर उचलून बघा. फुगलेली शीर थोडी बसली पाहिजे. तशीच ताठ राहिली तर डॉक्टरांना सांगा. सुई काढल्यावर रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबेना, सगळा हात सुजायला लागला, मशिनवर सारखा अलार्म वाजायला लागला, तरीही तेच समजा. अरुंद झालेली शीर वेळेत फुग्यानं रुंद करता येते.

जागा लाल होते, गरम लागते, दुखते, पू येतो, ताप येतो: जंतू शिरलेत. घरगुती उपाय करत बसू नका.

बोटं गार, निळसर, बधिर पडतात, दुखतात: पंजाला रक्त कमी पडतंय. लगेच दाखवा.

फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत होते किंवा खपली मोठी होत जाते: हे फार गंभीर आहे. ती जागा अचानक फुटू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

या हातावर काय चालणार नाही

फिस्टुलाच्या हातावर बीपी मोजायचं नाही. पट्टा फुगला की रक्त थांबतं. त्या हातातून तपासणीचं रक्त द्यायचं नाही, सलाईन नाही, इंजेक्शन नाही. गावात आरोग्य शिबिर असतं, गर्दी असते, मदतीला आलेली पोरं पटापट पट्टा गुंडाळत जातात. आपण तोंड उघडून सांगायचं, ‘हा हात डायलिसिसचा आहे, दुसऱ्या हातावर बघा.’ समोरचा डॉक्टर असो नाहीतर नर्स, सांगायला लाजायचं नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर कोण सांगणार? म्हणून पिशवीत, आधार कार्डाबरोबर एक चिठ्ठी ठेवा: ‘डाव्या हातावर फिस्टुला आहे. बीपी, सुई, सलाईन नको.’ घरातल्या सगळ्यांना हे पाठ असू द्या.

घट्ट बांगड्या, पाटल्या, तोडे, घड्याळ, गंडा-दोरा त्या हातात नको. फिस्टुला कोपरापाशी किंवा दंडात असेल तर ब्लाउजच्या बाहीकडं बघा. दंडाला रुतणारी बाही उसवून सैल करून घ्या. पिशवी कोपरात अडकवायची नाही. त्या हातानं भरलेली घागर, सरपणाची मोळी, गवताचा भारा उचलायचा नाही. त्या कुशीवर, हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही. लेकराला त्या हातावर झोपवायचं नाही. लेकरू दुसऱ्या हातावर तेवढंच गाढ झोपतं.

हलकी कामं मात्र जरूर करा. भाकरी थापा, भाजी निवडा. हात बांधून ठेवला तर उलट फिस्टुला नीट पिकत नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीचे दिवस हात उशीवर उंच ठेवायचा आणि बोटं हलवत राहायचं. जखम भरली आणि डॉक्टरांनी सांगितलं की चिंध्यांचा मऊ चेंडू दाबायचा आणि सोडायचा. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा मिनिटं. टीव्ही बघताना, रेडिओवर आमचा आवाज ऐकतानाही होतं.

उसाचं पाचट, बाभळीचा काटा, विळा, जनावराचं शिंग यांच्यापासून तो हात वाचवा. रानात जाताना सैल सुती बाहीचा सदरा घाला. शेणामातीत हात घातला तर लगेच साबणानं धुवा. किडनीच्या आजारात अंगाला खाज फार सुटते. नखं कापलेली ठेवा आणि खपली नखानं काढू नका.

मशिनवर जाताना आणि आल्यावर

सुई लावण्याआधी तो हात साबणानं स्वच्छ धुवायचा. प्रत्येक खेपेला. सुई लावणाऱ्यानंही हात धुवून हातमोजे घातले पाहिजेत. नसतील घातले तर गोड शब्दांत आठवण करून द्या.

सुईची जागा दर वेळी थोडी बदलावी, शिडीच्या पायऱ्या चढावं तशी. बरेचजण म्हणतात, ‘तिथंच टोचा, तिथं दुखत नाही.’ तिथली कातडी बधिर झालेली असते, म्हणून दुखत नाही. पण सारखं एकाच जागी टोचून ती जागा कमजोर होते आणि फुगा धरते. आज तिथं दुखत नाही म्हणून टोचून घेतलं, तर पुढं तीच जागा गमवावी लागते.

सुई काढल्यावर बोटांनी दहा-पंधरा मिनिटं एकसारखं दाबून धरायचं. मधेच उचलून बघायचं नाही. दाब एवढाच हवा की रक्त थांबेल पण थरथर लागत राहील. वर करकचून पट्टी बांधू नये. बांधलेली पट्टी किती तासांनी काढायची ते सिस्टरना विचारून घ्या, रात्रभर तशीच ठेवून झोपू नका.

दोन पाळ्यांच्या मधे पाणी, ताक, चहा डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच घ्या. त्याचा फिस्टुलाशी काय संबंध, असं वाटेल. अंगात पाणी फार साठलं की मशिनला चार तासांत ते सगळं ओढावं लागतं. मग बीपी एकदम उतरतं. बीपी उतरलं की फिस्टुलातलं रक्त मंदावतं आणि गुठळी धरते. उलट बाजूनं, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं तरी तेच होतं. निर्जळी उपवास, दिवसभराचा कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी कधी घ्यायची, तेही विचारून घ्या.

रक्त आलं तर

कधी घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त यायला लागतं. घाबरून आरडाओरडा होतो, कुणी हळद आणतं, कुणी चहापत्ती दाबतं, कुणी वर फडकं आवळून बांधतं. यातलं काहीही करू नका. जिथून रक्त येतं नेमकं तिथंच स्वच्छ कापडाची छोटी घडी ठेवून बोटांनी जोरानं दाबा. हात वर उचला. माणसाला आडवं करा. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर दाबून धरलेलं न सोडता दवाखान्यात जा. रक्ताची धार उडत असेल तर एक मिनिटही वाट बघू नका. एकीनं दाबून धरायचं, दुसरीनं 108 ला फोन करायचा. फिस्टुलातलं रक्त धमनीच्या जोरानं येतं, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. दाबणारी बोटं हलता कामा नयेत.

मानेत नळी असेल तर

ज्यांच्या मानेत किंवा छातीवर नळी आहे, त्यांनी ती अजिबात भिजू देऊ नये. डोक्यावरून अंघोळ नाही, खालच्या अंगावर पाणी घ्या आणि वरचं अंग ओल्या फडक्यानं पुसा. नळीचं टोपण फक्त डायलिसिसच्या माणसांनी उघडायचं, आणि त्या वेळी दोघांच्याही तोंडाला मास्क हवा. थंडी वाजून ताप आला, मग तो मशिनवर असताना येवो की घरी, लगेच दवाखाना गाठा. नळीतून जंतू थेट रक्तात जातात. आणि दर भेटीत डॉक्टरांना विचारा, ‘माझा फिस्टुला कधी करायचा?’

ज्यांची किडनी कमजोर आहे पण डायलिसिस अजून सुरू नाही, त्यांनी आजपासूनच एक हात राखून ठेवा. उजव्या हातानं काम करत असाल तर डावा. त्यात सलाईन, सुया घेऊ नका. शक्य असेल तिथं पंजाच्या मागच्या शिरेतून घ्या म्हणावं. शिरा आता शाबूत राहिल्या तरच पुढं फिस्टुला होईल.

गटानं काय करायचं

खर्चाचं म्हणाल तर डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. फिस्टुलाचं ऑपरेशन आणि बंद पडल्यावर उघडायचा खर्च यातलं काय काय बसतं, ते योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. अडचण आल्यावर धावपळीत विचारणं होत नाही.

आमच्या गटानं काकूंच्या प्रसंगानंतर तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, फिस्टुला बंद पडला तर गाडीभाड्यासाठी गटाच्या पेटीतून त्याच वेळी पैसे द्यायचे, बैठकीची वाट बघायची नाही. दुसरी, सगळ्याजणींनी काकूंच्या हाताला हात लावून थरथर कशी असते ते शिकून घ्यायचं. आम्ही शिकलो. पहिल्यांदा बोटांना ती लागली तेव्हा एकदोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसरी गोष्ट बांगड्यांची. काकू आता सगळा चुडा उजव्या हातात भरतात. डावा मोकळा. मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवात एका पाहुणीनं विचारलंच, ‘एकच हात का हो भरलाय?’ काकूंनी तोंड उघडायच्या आधी थोरल्या जाऊबाईच म्हणाल्या, ‘तो हात तिला जगवतोय. त्याला काही घालायचं नाही.’

तुमच्या गावातही असा एखादा हात असेल. उद्या सकाळी त्या घरी जा आणि विचारा, ‘आज थरथर बघितली का?’

भेटूया पुढच्या वेळी. रामराम.